बल्बाखालचा अजगर

हा किस्सा मी कितीतरी मैफलींत रंगवला. हशा मिळवला. पण मधला एक तुकडा गिळून. तो आजवर कुणालाच सांगितलेला नाही — बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावात राहून मी चक्क ऊब बनवली होती — आहे की नाही गंमत? आमच्याकडे गल्लोगल्ली कूलर बनतात. मी जुन्या कूलरचा सांगाडा घेतला, बाजूंचं गवत काढून काचा बसवल्या, छताला शंभरचा बल्ब टांगला. ऊब खाली पडावी म्हणून त्यावर पालथा डबा. आणि आत अजगर!

अजगर दिगूने आणलेला. दिगू माझा धुळ्याचा मित्र, साप वाचवण्याचं वेड घेतलेला. नशिराबादजवळ केळीच्या बागेत याला कुदळ लागली होती. थंडीत जखम भरेना. दिगूची खोली भाड्याची, म्हणून मुक्काम माझ्याकडे. बरा झाला की सातपुड्यात सोडायचा.

जाताना दिगूने बजावलं, "बल्बले जाळी लाव भो. चटका बसना तरी साप सरकत नही." म्हणजे भाजलं तरी साप जागचा हलत नाही.

लावली होती. खरंच लावली होती. पण संध्याकाळी गल्ली जमायची, मी लुगड्याचा पडदा सारायचो — आणि अजगराच्या नक्षीवर जाळीच्या सावलीच्या चौकटी! खेळाची शोभाच जायची. मग काय करायचं?

मी जाळी काढली.

एका सकाळी पाहतो तर आत ठेवलेल्या फांदीवरून चढून त्याने बल्बालाच विळखा घातलेला. वास येत होता. तो शांत होता — हो, अगदी शांत. सोडवला तेव्हा कातडी बल्बाच्या काचेलाच राहिली.

दिगू त्याच दुपारी येणार होता. मी काय केलं असेल? डॉक्टर? छे. नवा बल्ब लावला, जाळी पुन्हा ठोकली.

पाठीवरची नवी जखम पाहून दिगू खाली बसला. मग वर पाहिलं. "बल्ब नवा दिसस?"

"जुना गेला."

त्याने जाळी हलवून पाहिली. पक्की होती. आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो! — "दिगू, तू परवा जिवंत उंदीर सोडून गेलास ना? त्यानेच कुरतडलं."

त्याने जाळीवरचा हात काढला. मग एवढंच, "मन्हीच चूक शे, भो."

अजगर आठवड्याभरात गेला.

पुढे दिगू शाळाशाळांतून सापांवर बोलू लागला. एकदा एरंडोलच्या शाळेत मला हौसेने पहिल्या रांगेत बसवलं. पोरांना म्हणाला, "माझ्या निष्काळजीपणामुळे एक अजगर मेला. मी जिवंत उंदीर ठेवून निघून गेलो."

पहिली टाळी मी वाजवली.