टाईलवर शिकलेले गुडघे

अन्याय दोघांवर झाला. एक, मालवणच्या बाजूला समुद्राच्या तळाशी असलेल्या परातीएवढ्या पोवळ्यावर, आणि दुसरा आमच्या बॅचमधल्या एका बाईवर. वेळ, गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारची, सकाळची पहिली बुडी. करणारा आमचाच मुख्य प्रशिक्षक. खांद्यावर हात ठेवून, दाबून केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायचा मला कंटाळा आलाय आणि तरी ते सांगितलंच पाहिजे.

मी वारज्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर शनिवार-रविवारी दुपारी नवशिक्या स्कूबावाल्यांना फिन, म्हणजे पायातले रबरी पंख, मारायला शिकवते. पुण्यात समुद्र नाही, असं लोक मला हसून सांगतात. माहितीबद्दल आभार. पुण्यात पोहायचे तलाव आहेत आणि सुट्टीत अंदमानला जाऊ पाहणारी माणसं आहेत, तेवढ्यावर हा धंदा चालतो. इथे तलावात शिकायचं, बसने कोकणात जायचं, समुद्रात ठरलेल्या बुड्या मारायच्या, की बुडी मारायच्या परवान्याचं कार्ड मिळतं. या कामाआधी मी नदी वाचवायच्या मोर्च्यांत होते, येरवड्याच्या पुलावर पत्रकं वाटायचे. तिथे एक गोष्ट कळली. माणूस कागद हातात घेतो तो वाचायला नाही, तुम्हाला टाळायला. तलावावर वेगळं काही नाही. पाण्याखालच्या पर्यावरणाचा तास माझ्याकडे असतो आणि तो सगळ्यात शेवटी असतो, सगळ्यांना भूक लागलेली असताना. 'कशालाही हात लावू नका' म्हणून झालं की कुणीतरी विचारतं, इथे वडापाव कुठे चांगला मिळतो.

फिन मारणं मात्र मी मनापासून शिकवते. सगळ्यांना तलावाच्या काठावर पालथं झोपवते, पाय हवेत. पाय जवळ घ्या, तळवे बाहेर वळवा, मागे ढकलत मिटा, आणि थांबा. बेडूक करतो तसं. यातलं थांबणं सगळ्यात अवघड. लाल सिग्नलवर पुढच्याला हॉर्न मारणारं शहर हे, याला पाण्यात थांब म्हटलं तर ते सायकल मारायला लागतं. गुडघ्यातून सायकल मारली की तळाची वाळू उठते. ती जाऊन पोवळ्यावर बसते आणि पोवळं गुदमरतं. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. वाळूखाली दबलं तर मरतं, मोडलं तर पुन्हा तेवढं वाढेपर्यंत एखाद्या माणसाची नोकरी संपून जाते. हे मी दर बॅचला सांगते. माझा आवाज आता त्या वाक्यांना सरावलाय, आणि ऐकणाऱ्यांनाही ते कळत असावं.

पण खरी गडबड माझ्या तासाच्या आधीच होऊन गेलेली असते. मुख्य प्रशिक्षकांची पद्धत अशी: उथळ बाजूला सगळ्यांना पाण्याखाली गुडघ्यांवर बसवायचं, एका रांगेत, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. समोर ते स्वतः. मग एकेकाने मास्कमध्ये पाणी घेऊन काढून दाखवायचं, श्वासाची नळी तोंडातून काढून परत घालायची. सोयीचं आहे. कुणी वाहून जात नाही, सगळे नजरेसमोर राहतात. खाली टाईल असते, टाईलचं काय बिघडणार? पण त्यामुळे शरीर पहिल्या दिवशी शिकतं ते हे, की पाण्याखाली काहीही करायचं तर आधी गुडघे टेकायचे. त्यानंतर मी येणार आणि सांगणार, तळाला स्पर्श करू नका.

ही विसंगती पकडली ती फक्त त्या बाईने. यवतमाळकडची, हिंजवडीत नोकरी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. बहिणीबरोबर अंदमानला जायचं म्हणून शिकत होती. बहीण आजारातून उठली होती आणि दोघींनी एकदा तरी समुद्राखाली एकत्र जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. कार्ड तिला त्यासाठी हवं होतं. माझ्या तासाला तिने शांतपणे विचारलं, "मॅडम, तिथं खाली सगळीकडे पोवळंच असलं, तं मंग टेकाचं कुठं?"

सगळे हसले. मुख्य प्रशिक्षकही हसले आणि म्हणाले, समुद्र मोठा आहे ताई, जागा मिळेल. मी तिला वेगळं घेऊन सांगितलं, टेकायचंच नाही. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली, अंगातल्या फुगणाऱ्या जाकिटात हवा बेताची, पाय गप्प. मग ती दर रविवारी लवकर यायला लागली. बाकीचे कपडे बदलून फोटो काढेपर्यंत ती तळापासून हातभर वर आडवी तरंगत राहायला शिकली. एकदा डोळे मिटून तरंगत होती. मला वाटलं, झोपली. वर आल्यावर म्हणाली, "ऑफिसात इतकं शांत कोनी बसू देत नाही नं."

मग तो शनिवार. पाणी गढूळ होतं, तरी नेहमीपेक्षा बरं. तळाशी वाळूचा पट्टा होता आणि त्याच्या कडेला खडक, खडकावर ते पोवळं. वाळूवर आमच्या सगळ्या बॅचला जागा नव्हती. मुख्य प्रशिक्षकांनी तळहात खाली करून खूण केली. बसा. तलावातली तीच खूण. आणि सगळे बसले. जिथे होते तिथे, खडकावर, काटेरी चेंडूसारख्या समुद्री साळूच्या शेजारी, एकजण तर उठलेल्या वाळूत कमरेपर्यंत दिसेनासा झाला. कुणाचा दोष? टाईलवर शिकलेले गुडघे, ते टेकणारच.

ती बसली नाही. पोवळ्याच्या वर हातभर आडवी थांबली आणि मास्कमधलं पाणी तिथेच, तरंगत, काढून दाखवलं. मी मागे होते, मी पाहिलं. मुख्य प्रशिक्षकांनी पुन्हा खूण केली. तिने नकारार्थी मान हलवली आणि खाली पोवळ्याकडे बोट दाखवलं. ते पुढे आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली दाबलं. तिचे गुडघे पोवळ्यावर गेले. आवाज मला ऐकू आला असं मी म्हणणार नाही, पाण्याखाली स्वतःच्या बुडबुड्यांपुढे असलं काही ऐकू येत नाही. पण पोवळ्याचा एक भाग सुटून वाळूत पडलेला मी बघितला.

होडीवर ती टाकी उतरवून कडेला बसली. बाकीचे पोहे खात होते. मुख्य प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, खूण न पाळणारा माणूस पाण्याखाली धोकादायक असतो, कार्ड देता येणार नाही.

मी पुण्यात आल्यावर त्यांच्याशी भांडले. ते चिडले नाहीत, त्यांचं तेच वाईट आहे. "आपण पोवळ्यांच्या वकील आहात, छान आहे," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं, की फार वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर एक शिकणारा घाबरून सरळ वर सुटला होता. पाण्याचा दाब एकदम कमी होऊन फुप्फुसाला इजा झाली, थोडक्यात वाचला. तेव्हापासून सगळ्यांना खाली बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "बसलेला माणूस मला धरता येतो. तरंगणारा नाही." हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, मग तरंगणाऱ्याला धरायला शिका की. ते म्हणाले, त्याला बॅचमागे आणखी दोन रविवार लागतील, आणि लोक तेवढे थांबत नाहीत. तेही खोटं नव्हतं. माझ्याकडे पत्रकातली सगळी वाक्यं तयार होती, त्यातलं एकही इथे लागू पडेना.

शेवटी त्यांनी तडजोड काढली. तिने तलावात येऊन खुणेप्रमाणे करून दाखवावं, कार्ड मिळेल. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मीच तिच्या वतीने नाही म्हणायला बसले होते. ती आली, उथळ बाजूला गेली, त्यांनी खूण केली आणि ती गुडघे टेकून बसली. सगळं बिनचूक केलं. कार्ड मिळालं.

बाहेर केस पुसत ती माझ्याजवळ आली. माझा चेहरा दिसत असणार.

"तू चिडू नको," ती म्हणाली. "बहिणीचं तिकीट काढून झालं आहे. मी काय करू सांग? अन् टाईलच होती नं ती."

"आणि ते पोवळं?"

"ते तुटलं. माझ्याच गुडघ्यानं तुटलं, मला माहीत आहे." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "मला आधी कोनी सांगितलं असतं, की पैसे भरायच्या आधी हे विचारायचं असते, तं मी विचारलं असतं."

ती अंदमानला जाऊन आली. फोटो पाठवला, दोघी बहिणी आडव्या, पाय मागे मिटलेले, तळापासून चांगल्या वर. पुढची बॅच सुरू झाली आहे आणि आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, उथळ बाजूला सगळे रांगेत गुडघ्यांवर बसलेत. माझा तास शेवटी आहे.

म्हणून तुम्हाला आधीच सांगते. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी हे शिकायला जाणार असाल, तर नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा: आम्हाला तरंगत शिकवणार की टेकवून? उत्तर 'टेकवून' असेल तर दुसरीकडे जा, आणि का जाताय ते त्यांना तोंडावर सांगून जा.