लूम थांबल्यावर

आमच्या कामतघरच्या कापडाच्या कारखान्यात लूम सुरू असले की खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. समोरच्या लूमवरचा कारागीर तुटलेला धागा सांधता सांधता बिनधास्त येशूबद्दल सांगायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा त्यावरूनच गेटवर चौघांनी त्याला तोंड फुटेस्तोवर मारलं. त्यातला एक आमच्याच शिफ्टचा. दुसऱ्या दिवशी हा ड्युटीवर हजर. सुजलेले ओठ हलत होते, पण मला वाचता येईनात. "आता तरी गप बस," मी खुणावलं. एवढ्यात लाइट गेली, लूम थांबले आणि प्रार्थना करणारा त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला; पलीकडच्या लूमवरच्या त्या मारणाऱ्यानंही.

"बापा, मला मारलं त्याची बायको बाळंत व्हायचीय. तिला सांभाळ."

शेठनं त्याला त्याच आठवड्यात काढलं. अजूनही लाइट गेली की आमच्या शिफ्टमधला तो मारणारा एकटाच बाहेर जाऊन उभा राहतो.