आजोबांच्या सप्लायला नेटची वायर

व्हिडिओ कॉलवर तुम्हाला आजोबांच्या टेबलामागून एक निळी वायर भिंतीच्या कडेने जाताना दिसते आणि तुम्ही विचारता, ती कशाला? मी सांगायला सुरुवात करते तोवर तुमची झोपायची वेळ होते. म्हणून ही आजी सगळं नीट लिहून पाठवते आहे.

टेबलावरचा करडा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतल्या प्लगमधून वीज घेऊन तो आपण सांगू तेवढेच व्होल्ट पुढे देतो. परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजोबांनी असेच डबे सांभाळले, आणि ते निवृत्त झाले तेव्हा तुमच्या बाबांनी त्यांना हा नवा आणून दिला. तेव्हापासून गिरगाव-दादरच्या गाणाऱ्या मंडळींचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आमच्याकडे दुरुस्तीला येतात. माझ्या दुपारच्या झोपेत कुठला ना कुठला तानपुरा वाजतच आलेला आहे. आतल्या खोलीत सूर लागला की खिडकीचा पडदा, पंखा, खालच्या गल्लीतून येणारी चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याची हाक, सगळं एकाच संथ पाण्यावर तरंगायला लागायचं. त्या वेळी मी जागी आहे की झोपेत, हे मलाही सांगता आलं नसतं.

मागच्या वर्षापासून आजोबांचा उजवा हात थरथरतो. सोल्डरिंग करताना मनगट टेबलावर टेकवता येतं, म्हणून ते जमतं. सप्लायच्या गोल बटणाशी मात्र हाताला टेकू मिळत नाही. फिरवताना ते चुकून आत दाबलं गेलं, तर एककाऐवजी दशकाचा आकडा बदलतो. दादरला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा तानपुरा होता, नऊ व्होल्टचा. आजोबांचा हात हलला आणि नवाचे एकोणीस झाले. तानपुऱ्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि पंख्याच्या वाऱ्यात विरली.

जळलेला भाग त्यांनी बदलला. पण त्या तानपुऱ्याला पुन्हा वीज द्यायची त्यांची हिंमत होईना. सप्लायवर त्यांनी जुना टॉवेल टाकला आणि बाईंना बोलावून घेतलं.

"दुसरीकडे दाखवा, बाई. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."

"दुसरीकडे गेलं की नवीन घ्या म्हणतात. माझा गळा या तानपुऱ्याला सरावलाय," बाई म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडेच. मला घाई नाही." आणि चहा घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर घर फार शांत झालं. आजोबा गॅलरीत बसून समोर उभ्या राहणाऱ्या टॉवरकडे पाहत राहायचे. जेवताना मध्येच म्हणायचे, "डबा देऊन टाकू कुणालातरी." मला तानपुऱ्याची काळजी नव्हती. एका बटणाला हात लावायला घाबरलेला माणूस हळूहळू बाकीच्या गोष्टींनाही हात लावेनासा होतो, याची मला भीती वाटत होती.

आजोबांनी जन्मात कधी मॅन्युअल वाचलं नाही. मला मात्र ते वाचायला आवडतं. त्यातलं इंग्रजी समजूतदार असतं, उगाच एक शब्द जास्त नाही. अशीच एका दुपारी सप्लायचं मॅन्युअल घेऊन पडले होते, तेव्हा वाचलं की डब्याच्या मागच्या सॉकेटमध्ये घरच्या नेटची वायर लावली तर कॉम्प्युटरवर आकडा टाइप करून व्होल्ट ठरवता येतात. बटण फिरवायचं कामच नाही. शिवाय अमुक व्होल्टच्या वर जायचंच नाही, अशी मर्यादाही घालून ठेवता येते. डोळ्यांवर झापड होती, म्हणून उठून चूळ भरली आणि ते पान पुन्हा वाचलं. खरंच तसं होतं.

वायर आणायला लॅमिंग्टन रोडला गेले.

"वायफाय बरोबर चालत नाही का, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"चालतं. ही आजोबांच्या सप्लायला लावायचीय."

"म्हणजे आता आजोबापण ऑनलाइन!"

बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून टेबलापर्यंत वायर नेली, सप्लायला लावली. डबा सुरू केला तर त्याच्या पडद्यावर, जिथे त्याचा नेटवरचा पत्ता दिसायला हवा, तिथे नुसती शून्यं. सॉकेटजवळचा दिवाही लागेना. पिन आत जायची, पण खट्‌ असा आवाज काही यायचा नाही.

"वायर खराब दिली असेल," आजोबा गॅलरीतून म्हणाले.

"लॅपटॉपला लावली तर चालते की."

"मग डबा गेला. बरं झालं."

ते 'बरं झालं' मला लागलं. मी प्लग काढला, डबा फिरवून ठेवला आणि म्हटलं, "अहो, जरा टॉर्च धरा इकडे." ते उठून आले. टॉर्चचा उजेड त्यांच्या हातात स्थिर राहीना. तो भिंतीवर, छतावर, माझ्या चष्म्यावर पाण्यासारखा हलत होता, आणि त्या हलत्या उजेडात सॉकेटच्या अगदी आत काहीतरी केशरी चमकलं. चिमट्याने अलगद ओढलं. झेंडूची वाळलेली पाकळी. तिच्यामागे आणखी एक.

"दसऱ्याचा हार!" आजोबा म्हणाले. "दर वर्षी सांगतो, हार टेबलाला घाल म्हणून."

"पूजा टेबलाची करायची? काम तर डबा करतो."

"आणि रोज फडकं मारून पाकळ्या आत कोण ढकलतं?"

"मग धूळ बसू देऊ का?"

कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी असे कडाकडा भांडत होते.

या खेपेला पिन खट्‌कन बसली. डबा सुरू केल्यावर हिरवा दिवा लागला, शेजारचा पिवळा लुकलुकायला लागला, आणि शून्यं जाऊन तिथे राउटरने दिलेला पत्ता आला. तो पत्ता मी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला. पान उघडलं. डब्याच्या पडद्यावर होते तेच आकडे माझ्यासमोर. मर्यादेच्या चौकटीत मी दहा लिहिलं.

"मला कुलूप लावतेस?"

"तुम्हाला कशाला? डब्याला लावते."

त्यांनी बटण फिरवून पाहिलं. आकडा हलला नाही, कारण ताबा आता कॉम्प्युटरकडे होता. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"माझं ऐकत नाही गं हा."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला, बाईंच्या तानपुऱ्याच्या वायरी जोडल्या. त्यांनी एका बोटाने नऊ दाबला. बोट थरथरलं आणि चौकटीत नव्व्याण्णव उमटले. मी थांबवायच्या आत त्यांचा अंगठा एंटरवर पडला.

डब्याने बीप केलं. आकडा घेतलाच नाही.

आजोबा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "अगं, नाही म्हणाला! तोंडावर नाही म्हणाला!" मग मुद्दाम एकोणीस टाकून पाहिले. पुन्हा बीप. मग पन्नास.

खेळून झाल्यावर सावरून बसले आणि पाचापासून सुरुवात केली. तानपुरा गप्प. सहाला आत काहीतरी घोगरं हललं, झोपेतून कुणी ओ द्यावी तसं. सात. आठ. नवाला सूर मोकळा झाला आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत पसरला.

मग आजोबांनी बाईंना फोन लावला आणि त्यांनी उचलताच तो तानपुऱ्याजवळ धरला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो थांबला. आणि बाईंनी सा लावला.

"जरा चढा आहे," गाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या.

"तो तुम्ही उतरवा. व्होल्ट बरोबर आहेत."

"माझ्या एका विद्यार्थिनीचाही बंद पडलाय हो. पाठवू?"

आजोबांनी थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहिलं.

"पाठवा," ते म्हणाले. "पण त्याच्या खाली व्होल्ट लिहिलेले असतील, ते आधी वाचून सांगा. मर्यादा घालून ठेवतो."