मेलेल्या इंजिनाचा कूलर

सौंदडजवळच्या धानाच्या बांधीत मी पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि हार्वेस्टरभोवती राखेचं रिंगण ओढलेलं होतं. मालक भैयालाल आणि कामावरच्या बाया दूर शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभ्या होत्या. रिंगणाच्या आत एकटा ड्रायव्हर धनलाल, मशीनला पाठ टेकून बसलेला.

"आत नका जाऊ, सायेब," भैयालाल म्हणाला. "पहिलीचं हिच्यात आलं."

भैयालालकडे धान कापायच्या दोन सारख्या मशिनी. पंधरा दिवसांपूर्वी पहिलीचं इंजिन मेलं. पिस्टनचा रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. आम्ही मेकॅनिक याला मेजर फेल्युअर म्हणतो. तिला दुसरं इंजिन बसवलं, त्याच्या सूचना मी गोंदियातून फोनवरच दिल्या. आता ही दुसरी, जिची कधी तक्रार नव्हती, ती तसाच आवाज करू लागली होती. दोन्ही वेळा सीटवर धनलाल होता.

भैयालालने मला बाजूला घेतलं, पण आवाज उतरवला नाही. "हे बी गेली तं धनलालले उतरवतो. त्याचा हात बरा नाही म्हनून राहिले लोक. त्याले आता कोनीच मशीनवर बसवनार नाही."

धनलालला दुसरं काम येत नव्हतं. तो सगळं ऐकत होता आणि खाली पाहत होता.

मी राख ओलांडली. खोटं कशाला बोलू, पाय क्षणभर अडखळला. "चालू कर," म्हटलं.

इंजिनाच्या पोटातून टक्, टक् असा जड ठोका येऊ लागला. बेअरिंग म्हणजे फिरत्या शाफ्टखालची मऊ धातूची गादी. ती झिजली की असं वाजतं. धनलालने मोबाइल काढला. पहिली मशीन मेली त्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. ते त्याने मोठ्याने लावलं. मोबाइलमधली मेलेली आणि समोरची जिवंत, दोघी एका ठेक्यात वाजू लागल्या. इतकी वर्षं इंजिनं ऐकतोय, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो.

"बंद कर ते. दोन्ही बंद कर." मी जरा जास्तच जोरात बोललो. धानाची लोंबीसुद्धा हलत नव्हती.

भीती वाटली की मी पाना हातात घेतो. ऑइल काढलं. उन्हात ते चमकत होतं, म्हणजे त्यात धातूचा चुरा होता. चुंबक फिरवलं तर लोखंडाचे कण चिकटले. हे मला पटेना. बेअरिंगच्या गादीत असं लोखंड नसतं. खालचा चेंबर उतरवून एकेक रॉड, एकेक पिस्टन पाहिला. बेअरिंगवर ओरखडे होते, पण लोखंडाचं काहीच तुटलेलं नव्हतं. मग हे लोखंड कोणाचं? मी ते कण तळहातावर घेऊन बसलो आणि ते टाकून द्यावेत असं मला फार वाटलं.

तेवढ्यात ऑइल कूलरच्या बोल्टांकडे लक्ष गेलं. सगळं मशीन धुळीने माखलेलं, तेवढेच बोल्ट स्वच्छ.

"धनलाल, हा कूलर कोणी खोलला?"

"म्याच. तुमीच तं फोनवर सांगतलं."

"काय सांगितलं मी?"

"कूलर बदलवा म्हनून. मंग बदलवला. इचा तिले लावला, तिचा इले. डिझेलनं चांगला धुतला होता, सायेब."

मला नवा लाव म्हणायचं होतं. त्याने अदलाबदल केली. नव्या इंजिनाला चांगला कूलर, आणि मेलेल्याचा या बिचारीला.

कूलरमध्ये तापलेलं ऑइल बारीक बारीक वाटांतून जातं आणि थंड होतं. इंजिन फुटलं की त्याचा चुरा त्या वाटांत जाऊन बसतो. कितीही धुवा, तो निघत नाही. पुढे गरम ऑइलबरोबर थोडा थोडा सुटतो. पुढे फिल्टर असतो, पण तो तुंबला की इंजिन कोरडं पडू नये म्हणून ऑइल न गाळताच पुढे सोडतो. पहिलीचं लोखंड असं हिच्या अंगात आलं होतं. भैयालालचं अगदीच चूक नव्हतं.

"कोनाची चूक?" त्याने धुऱ्यावरूनच विचारलं.

धनलाल माझ्याकडे बघत होता. "माझी," मी म्हणालो. "मी धड सांगितलं नाही. त्याने सांगितलं तेच केलं. आवाज येताच मशीन थांबवली म्हणून शाफ्ट वाचला." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

नवी बेअरिंग, नवा फिल्टर, नागपूरहून नवा कूलर. ऑइलच्या सगळ्या वाटा साफ केल्या. चौथ्या दिवशी ठोका गेला होता. बाया मात्र ती बांधी संपेपर्यंत मशीनच्या मागे फिरकल्या नाहीत.

तेव्हापासून मी फोनवर 'बदला' म्हणत नाही. जुना कूलर घणाने फोडा आणि फोटो पाठवा, असं सांगतो. फोटो आल्याशिवाय पुढचं बोलत नाही. पहिला फोटो धनलालनेच पाठवला, फोडलेल्या कूलरचा, मशीनच्या सीटवरून काढलेला.