बाहेरून कुलूप

लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघी राहतो. चौघींनीही कधी ना कधी फुटपाथवर दिवस काढलेत, चौघींच्याही गोळ्या चालू आहेत. माझं डोकं आधी ताळ्यावर आलं, म्हणून संस्थेने मला बाकीच्या तिघींच्या सोबतीला ठेवलं. संस्थेच्या भाषेत मी 'पीअर सपोर्टर'. चाळीच्या भाषेत 'त्या वेड्यांपैकी जाडी'.

सगळ्यात नव्या मावशी साठीच्या. शिवडी स्टेशनबाहेर बरीच वर्षं झोपलेल्या. घराची किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली, तर तीनदा परत केली. चौथ्यांदा पदराला बांधली. मी आनंदाने ऑफिसात फोन करून कळवलं.

त्याच रविवारी मावशी बांगडे आणायला गेल्या आणि जाताना बाहेरून कुलूप घालून गेल्या. आत आम्ही तिघी. दुसरी किल्ली दादरला ऑफिसात, आणि ऑफिस बंद.

गॅलरीच्या खिडकीतून मी हाका मारल्या. आली नेमकी शेजारची मालवणी काकी. आम्ही इथे नकोत म्हणून जो अर्ज झाला, त्यावर पहिली सही हिचीच. कुलूप बघून तिचा चेहरा उतरला.

"गो बाय, कोंडून ठेवतत तुमका?"

"नाही हो काकी, नव्या मावशींनी कोंडलंय."

"आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवता?"

"मी."

काकी कठडा धरून हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. मग घरात जाऊन चहा घेऊन आली. कप गजांतून शिरेना, म्हणून एकेक उभट, अरुंद पेला आत आला. आमच्यातली एक महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

काकीने साखर आणली. मला मात्र रडू आवरेना.

दीड तासाने मावशी बांगडे घेऊन उगवल्या. शिवडीला जाऊन ओळखीच्या सगळ्यांना किल्ली दाखवून आल्या होत्या.

"मावशी, आम्ही आत होतो ना!"

"मग घर उघडं टाकून जाऊ? चोऱ्या होतात."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. घर आपलं आहे हे त्यांना एकदाचं पटलं होतं. आत माणसं आहेत एवढंच ध्यानात राहिलं नव्हतं.

काकी पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडून आत आली. मी गॅसवर चढवलेलं बांगड्यांचं कालवण हुंगून तिने नाक मुरडलं.

"तिरफळां नाय घातलंस?"

आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. त्या दिवशी जेवायला अडीच वाजले.