साडभावाच्या गावाची चौकशी

बाब अत्यंत गंभीर आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनी टोपी सारखी करावी, तोंडातला तंबाखू बाहेर टाकून यावा आणि नीट मांडी घालून बसावे. दुसऱ्या महायुद्धाच्या अगोदर, एका कोरड्या, स्वच्छ दिवशी मी एकट्याने वाशिमजवळच्या सबंध मालेगावची परीक्षा घेतली. गावाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. गाव बिचारे आपल्या कामात होते.

मी रिठदचा शिंपी. माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, तोही शिंपीच, पण मालेगावचा. सणासुदीला सासुरवाडीत आमची गाठ पडे, आणि पाय धुऊन होण्याच्या आत त्याचे सुरू होई, “आमच्या मालेगावात...” आमच्या मालेगावात मोटर थांबते. आमच्या मालेगावात कोणी आजारी पडलं तर शेजारून कण्या शिजून येतात. आमच्या मालेगावात माणूस माणसाले धरून हाय. सासरे मान डोलवत, सासूबाई त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकत, आणि मी माझ्या ताटातल्या वरणात बोट फिरवत बसे. बरे, शिवण म्हणाल तर त्याची बाही कधी सरळ बसली नाही. हे मी शिंपी म्हणून सांगतो, साडू म्हणून नाही. थोडेसे साडू म्हणूनही सांगतो.

एका दिवाळीत त्याने सासऱ्यांच्या देखत जाहीर केले, “मले एकट्याले काम आवरत नाई. माह्या ओट्यावर अजून एका मशीनची जागा हाय. तुमी या मालेगावले.”

सगळे घर खूश. माझी बायको तर मनाने तिथल्या तिथे मालेगावात चूल मांडून बसली. तिचेही चुकत नव्हते. रिठदला लग्नसराई सरली की काम सरे. मग उरलेले वर्ष माझ्या मशीनवर शेजाऱ्याची कोंबडी बसे. पण त्याच्या गावात, त्याच्या ओट्यावर, त्याच्या बाजूला बसायचे, ही कल्पना माझ्या घशाखाली उतरत नव्हती. मी म्हणालो, “आधी गाव पाहू. गावची माणसं कशी, ते पाहू.”

“अन् चांगली निंगाली तं?” बायकोने विचारले.

“तं मशीन उचलू. पन वाईट निंगाली तं मालेगावचं नाव या घरात घ्याचं नाई.”

तिने ते कबूल केले. मी मनात टाळी वाजवली, कारण माणसे वाईट निघणार याची मला खात्रीच होती. इतके चांगले गाव त्याच्या वाट्याला यावे आणि माझ्या येऊ नये, असा कोणता न्याय?

गाव कसे पाहायचे हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. लेक द्यायची असली की घरची जाणती माणसे तेच करतात. बाजाराचा दिवस टाळायचा, कारण त्या दिवशी प्रत्येक गाव नटलेले असते. ज्याची चौकशी करायची त्याच्या दारात आधी जायचे नाही. गावाच्या कडेला बैल सोडायचे, सावलीत बसायचे आणि आडून आडून विचारायचे. मी हेच करायचे ठरवले. शेजाऱ्याची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, मागून आणली, तिच्यावर जाजम घातले, बायकोने ठेवणीतले लुगडे नेसले, मी धुतलेले धोतर आणि कोट चढवला. रात्री वाशिमला एका नातलगाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उन्हे चढताना मालेगावच्या कडेला लिंबाखाली बैल सोडले. साडभावाला काही कळवले नव्हते. मी त्याच्या घरी पूर्वी एकदाच, रात्रीपुरता आलो होतो, त्यामुळे गावात मला ओळखणारे कोणी नव्हते.

बैल सुटतात न सुटतात तोच समोरच्या पानाच्या दुकानातून एक म्हातारा उठला, आत जाऊन कडब्याची पेंढी घेऊन आला आणि न विचारता बैलांपुढे टाकली. मला ते आवडले नाही. सुरुवातच वाईट झाली.

“कोठचे पावने?” त्याने विचारले.

“वाशिमकडचे,” मी म्हणालो. “इथं शिंपी कोन चांगला हाय म्हनता?”

त्याने साडभावाचेच नाव घेतले. मी उगाच खाकरलो. “मानूस कसा हाय? खान्यापिन्याचा नाद?”

म्हाताऱ्याने माझ्या कोटाकडे पाहिले, दमणीतल्या जाजमाकडे पाहिले, बायकोच्या लुगड्याकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा एकदम लोण्यासारखा झाला. “नाद? राम राम! साधी सुपारी खात नाई तो मानूस.”

माझ्या डोळ्यांसमोर साडभावाचे विड्याने रंगलेले दात आले. मी म्हणालो, “घरात भांडनं?”

“देवळात आवाज होईन, पन त्या घरात होनार नाई.”

“अन् हात कसा हाय? शिवनाचा?”

“सोन्याचा हात हाय, बापा!” म्हाताऱ्याने अंगातली बंडी पुढे ओढून दाखवली. “हे पाहा. त्यानंच शिवली.”

मी पाहिली. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी मनगटाला टेकलेली, आणि गळा असा की आतून म्हातारा बाहेर पडतो की काय वाटावे. अशी बंडी अंगात घालून माणूस शिंप्याची स्तुती करतो! मी उभ्या जन्मात एक बाही आखूड केली नाही, आणि रिठदमध्ये मला कोणी कधी “बरं शिवता” एवढेही म्हटले नाही. म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मी एका घोटात संपवला.

तिथून कापडाच्या दुकानात गेलो. शेठजी गादीवर बसले होते. हा माणूस शिंप्यांना आतून-बाहेरून ओळखणार, खरे तेच बोलणार, अशी माझी आशा. पण मी नाव काढताच शेठजींनी गादी झटकून मला बसवले, दमणीत बायकोसाठी चहा पाठवला आणि म्हणाले, “डोळे मिटून भरवसा ठेवा, पाहुणे. असं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडणार नाही.”

मी परत दमणीत आलो तेव्हा बायको गालातल्या गालात हसत होती. “झाली परीक्षा?”

“सारं गाव बहिरं अन् आंधळं हाय,” मी म्हणालो. “चाल त्याच्या घरी.”

म्हातारा आपणहून वाट दाखवायला पुढे चालू लागला. साडभावाच्या दारात पोचलो तर ओटा नुकताच सारवलेला, वर सतरंजी अंथरलेली. मशीन आत ढकललेले. साडभाऊ फेटा बांधून उभा, बाजूला त्याचा थोरला मुलगा, डोक्यावरून तेल कानापर्यंत ओघळलेले, अंगात नवा सदरा. दाराआडून मेव्हणी डोकावत होती.

मला पाहताच साडभावाचे तोंड उघडेच राहिले. “तुमी? अन् पावने कोठी हायेत?”

“कोनते पावने?”

“पोरगं पाहाले आलेले! दोन घंटे झाले, गावात माही चौकशी करून राह्यले म्हनते!”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग साडभावाकडे. मग त्याला सगळे कळले आणि तो ओट्यावर मटकन बसला.

“अबे, हे तुह्या घरचेच हायेत? मंग मी एवढं खोटं कायच्यासाठी बोललो बे? सुपारी खात नाई म्हनलं! सोन्याचा हात म्हनलं! ही बंडी पाह्य, ही घालून म्हनलं!”

हसण्याचा असा स्फोट झाला की बैल बिचकले. सगळ्यात मोठ्याने साडभाऊच हसला. त्याने म्हाताऱ्याची लांब बाही धरली, आखूड बाही धरली, दोन्ही आपल्या पोराला दाखवल्या आणि डोळे पुसले. आतून शेजारणी बाहेर आल्या. सोयरिकीची मंडळी आली असे ऐकून कोणी साखर आणली होती, कोणी पितळी पेले, कोणी आपल्या घरची सतरंजी. त्या जिच्या तिच्या वस्तू परत न्यायच्या सोडून तिथेच सरबत करू लागल्या.

मीही हसलो, पण माझे हसू अर्ध्यातच थांबले. आदल्याच वर्षी माझ्या धाकट्या भावासाठी पाहुणे रिठदला आले होते. त्यांनी आमच्या शेजाऱ्याला विचारले, पोरगा कसा? शेजाऱ्याने त्यांना बसवून, पाणी देऊन, भावाच्या दम्याची सगळी हकीकत खोकून दाखवली. पाहुणे आमच्या दारात न येताच गेले. शेजारी खरे बोलला, त्याला काय म्हणणार? आणि इथे हा वाकडी बाही शिवणारा माणूस, त्याच्यासाठी सबंध गाव कोणी न सांगता गोड खोटे बोलले होते. आतापर्यंत मला त्याच्या गावात थांबणाऱ्या मोटारीचा आणि त्याच्या फुशारकीचा हेवा वाटत होता. तो सगळा पोरकटपणा होता. हेवा कशाला म्हणतात ते मला त्या ओट्यावर कळले.

तरीही मी हार मानणार नव्हतो. मी घसा साफ केला आणि बायकोला ऐकू जाईल असे म्हणालो, “पाह्यलं? सारं गाव खोटं बोलते. अशा गावात राह्याचं कसं?”

बायको दमणीतून खाली उतरली. तिने बहिणीकडे पाहिले, सरबत ढवळणाऱ्या त्या बायांकडे पाहिले, आणि चार माणसांत नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी ती बाई सगळ्यांच्या देखत ओरडली, “मले बी असेच खोटे बोलनारे शेजारी पाह्यजेत! तुमी या नाईतं नका येऊ, मशीन मी आनतो!”