केळवणाला मामीनं माझ्या डोक्यावरचं काढलं

हे आत्ताच लिहायचंय. नंतर लिहीन म्हटलं तर मी थंड होईन, आणि मला थंड व्हायचं नाहीये. टायपिंगच्या चुका समजून घ्या, कीबोर्ड बडवतेय. रागानं.

आज दुपारी मरीन परेडला मामीकडे माझं केळवण होतं. बेल वाजवली. मामीनं दार उघडलं, माझ्याकडे पायापासून वरपर्यंत बघितलं. पहिलं वाक्य हे:

"आधी ते डोक्यावरचं टोपलं काढ. मग आत ये."

टोपलं नाहीये ते. फेटा आहे. नायजेरियातल्या बायका लग्नाकार्यात बांधतात, कडक चमकदार कापडाचा, पाकळ्या पाकळ्या काढून. त्याला गेले म्हणतात. हो, मामानं जोक केलाच, "कोण गेले?" झालं हसून. पुढे.

माझं लग्न पुढच्या शनिवारी आहे. तुंडेशी. ऑफिसात शेजारच्या टीममध्ये होता, नायजेरियातल्या इबादानचा आहे. त्याची आई गुरुवारी आली, सूटकेसमध्ये अर्धी जागा या कापडांनीच भरलेली. मी तिला मम्मी म्हणते. ती मला म्हणते इयावो. म्हणजे नवरी. आज सकाळी क्वीन्सटाउनच्या माझ्या फ्लॅटवर मला स्टुलावर बसवून, माझ्या पाठीला गुडघा लावून तिनं हा फेटा बांधला. स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही असं नाही. पण नवरीचा दुसऱ्या बाईनं बांधायचा असतो. टॅक्सीत डोकं मावेना म्हणून आम्ही MRTनं, म्हणजे मेट्रोनं आलो, मग बस. दोघी ताठ. लोक वळून वळून बघतायत. मला काय भारी वाटत होतं सांगू!

तर दारात मम्मी माझ्या शेजारीच उभी. तिच्याही डोक्यावर फेटा, माझ्यापेक्षा मोठा. मामी तिला इंग्लिशमध्ये म्हणाली, "वेलकम, वेलकम! सो कलरफुल!" आणि त्याच हसऱ्या तोंडानं मला मराठीत:

"तिचं राहू दे. त्यांच्यात असतंच तसं. तू काढ. आत चार लोक आहेत आणि शूटिंगची सीडी पुण्याला जाणारे. आधीच तुझा रंग हा असा, त्यात हे."

माझा रंग. तीन वर्षं ऐकतेय. नोकरी लागून या परक्या देशात आले तेव्हा सुरुवातीला यांच्याकडेच राहायचे. उन्हात जाऊ नकोस. पिवळा घालू नकोस. हॉकर सेंटरला जेवायला जाताना छत्री घे. तुंडेबद्दल सांगितलं तेव्हा तर मराठी मंडळातल्या मैत्रिणीला फोनवर म्हणाली होती, "काळी ती काळ्याकडेच गेली, आपण काय करणार." मी शेजारच्या खोलीत होते. तिला माहीत होतं मी तिथे आहे.

मी म्हटलं, "मामी, काढला की परत तसा बसत नाही." मामीनं सरळ हात घातला. ओढला. पिना तटातट निघाल्या, दोन केस घेऊन. आणि तो फेटा तिनं ठेवला कुठे? शू रॅकवर. मामाच्या सँडलवर.

मम्मीला मराठी येत नाही. पण शू रॅक कळायला मराठी लागत नाही. वाकून नाही, गुडघ्यात बसून तिनं तो उचलला. झटकला. मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली.

आत मंडळातल्या चार काकू, मामा हँडीकॅम घेऊन, माझी मामेबहीण ईशा सोफ्याच्या हातावर. पाट, रांगोळी, श्रीखंड, सगळं छान. माझे केस घामानं चिकटलेले. मामीनं भेटीचा शालू उलगडून माझ्या डोक्यावरून पदर घेतला, पार कपाळापर्यंत. हनुवटीला धरून मान खाली केली.

"हं. आता कशी माणसात आलीस."

काकू हसल्या. मामाच्या हँडीकॅमचा लाल दिवा चालू. ईशा इथल्या ढंगात म्हणाली, "बट द अदर वन वॉज सो नाइस, लाह." मामी म्हणाली, "तू गप."

माणसात आलीस. म्हणजे दारात उभी होते ती कोण होते?

आणि ऐका, गंमत ही की हे फक्त मामीचं नाहीये. चर्चचंही तेच. शनिवारी सकाळी तुंडेच्या चर्चमध्ये लग्न, संध्याकाळी मामीच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मंगलाष्टका, असं ठरलंय. पास्टर आधीच म्हणालेत, तो फेटा बाहेर पार्टीत घाला, देवासमोर साधी पांढरी जाळी. काल मम्मी ती जाळी इस्त्री करत होती. करता करता मला सांगत होती. तिच्या लग्नातही हेच. तिच्या गावच्या पाद्रीनं सांगितलं होतं, गेले म्हणजे जुन्या देवांचं. पांढऱ्या जाळीत लग्न लागलं तिचं. तिची आई चर्चबाहेर कापड घेऊन उन्हात उभी होती. ही बाहेर आली तशी आईनं तिथंच दगडावर बसवून फेटा बांधला. तिची बहीण मुसलमान घरात दिलेली, तिथे मौलवी म्हणाले वरून ओढणी हवीच. बहिणीनं फेट्यावरूनच ओढणी घेतली. मम्मी म्हणाली, "प्रत्येकाला बाईचं डोकं झाकून हवं असतं, इयावो. फक्त कशानं ते त्यांना ठरवायचं असतं."

काल मी नुसतं हं म्हटलं होतं. आज त्या पदराखाली, श्रीखंडाच्या वाटीकडे बघत, मला ते कळलं. जाळी डोळ्यांवर येते. पदर मान खाली ओढतो. फेट्यात मान खाली घालताच येत नाही. घातली तर पडतो.

जेवण झालं. मामी म्हणाली, "चल, सगळ्यांना वाकून नमस्कार कर. मामाला पहिला."

मी उठले. पदर काढला. शालूची नीट घडी केली, टेबलावर ठेवली. किचनमधलं स्टूल आणलं, हॉलच्या मध्यात ठेवलं, मम्मीसमोर पाठ करून बसले.

"मम्मी, परत बांधता?"

ती उठली. गुडघा माझ्या पाठीला लावला. कापडाचा तेवढा आवाज, करकर. सकाळच्यासारखा नाही बसला, एक पाकळी चुरगळलेलीच राहिली. राहू दे.

मग मी मामासमोर गुडघ्यांवर बसले. पाठ सरळ. मम्मीकडे नवऱ्या मुली मोठ्यांना असाच नमस्कार करतात. मामा मला एअरपोर्टवर घ्यायला आला होता, ते मी विसरणार नाही. त्यानं हँडीकॅम खाली केला. डोक्यावर हात ठेवायचा असतो, तो कुठे ठेवावा कळेना त्याला. शेवटी ठेवलाच नाही.

मामी ओरडली, "नमस्कार असा करतात?"

"हो. मी असाच करणार."

"मग शनिवारी तुझ्या आईच्या जागी उभी राहायला दुसरी कुणी शोध. फंक्शन रूमचं पण बघ तुझं तू."

माझे बाबा नाहीत. आईला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. हे मामीला पक्कं माहीत आहे, म्हणूनच ती तिथे मारते. मी म्हटलं, "बरं." मम्मीला म्हटलं, चला. खाली येऊन बसस्टॉपवर मी रडले, खोटं कशाला सांगू. मम्मी म्हणाली, "रड. पण मान वर ठेवून रड, नाहीतर पिना सैल होतील."

घरी येऊन आईला फोन लावला. वाटलं होतं आई तरी. आई म्हणाली, "एवढ्याशा कापडासाठी मामीशी वाकडं घेतलंस?"

एवढंसंच आहे ना? मग ते मामीला का सहन झालं नाही? पास्टरना का होत नाही? एवढंसं असतं तर ठेवलं असतं डोक्यावर, कुणाचं काय जात होतं!

तर. पास्टरना आत्ताच फोन करून सांगितलं. मी फेटा बांधून आत येणार. चालत नसेल तर रजिस्ट्रीत सही करू, तुंडेशी बोलून झालंय. मंगलाष्टका होणार नाहीत. आईच्या जागी कुणी उभं राहणार नाही. ती जागा रिकामीच ठेवणार आहे मी, मामीला हात जोडून भरणार नाही. ती जाळी घडी घालून ठेवलीय. चुरगळलेली पाकळी तशीच घालणार, इस्त्री करणार नाही.

फेटा अजून डोक्यावर आहे. तशीच बसून टाइप करतेय.

तुम्ही सांगा. तुमच्या डोक्यावरचं कुणी ओढून काढलंय? किंवा तुम्हाला न विचारता वरून काही घातलंय, आणि म्हटलंय, आता माणसात आलीस? तेव्हा तुम्ही वाकलात का?